उलटणारा हिवताप : विषमज्वर, पुनरावर्तक ज्वर आणि चौदा दिवसांचा प्रश्न

वर्षाऋतू सरून शरदाची चाहूल लागली की ज्वराचे रुग्ण वाढतात, हे कोणत्याही वैद्याला नव्याने सांगावयास नको. परंतु चिकलठाणा परिसरात व्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांना आणखी एक रुग्ण भेटतो. तो फाल्गुन-चैत्रात येतो. बाहेर ऊन तापलेले असते आणि सुखना नदीचे पात्र बहुतांशी कोरडे पडलेले असते. अशा दिवसांत तो अंगावर चादर ओढून, कुडकुडत बाकावर बसलेला असतो. विचारले तर म्हणतो, ‘गणपतीत हिवताप झाला होता, गोळ्या घेतल्या, बरा झालो, आता ताप उलटला.’ ‘ताप उलटणे’ हा आपल्या भाषेतील अत्यंत नेमका शब्दप्रयोग आहे. तो रुग्णाच्या तोंडी येतो, आपण ऐकतो आणि बहुधा कागदावर ‘ज्वर, ३ दिवस’ एवढेच लिहितो. सहा महिन्यांपूर्वीचा ज्वर आणि आजचा ज्वर हा एकच व्याधी असू शकतो, हा विचार तेथेच सुटतो. प्रस्तुत लेखात त्या सुटलेल्या धाग्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम संज्ञांचा घोळ मिटविणे इष्ट ठरेल. हिवताप परत येण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, रक्तातील जंतू औषधाने पुरते नष्ट न होता थोडे शिल्लक राहतात आणि पुन्हा वाढतात. अपुरी मात्रा, मध्येच सोडलेले औषध किंवा औषधास न जुमानणारे जंतू ही त्याची कारणे होत. दुसरा, रुग्णास नव्याने बाधित डास चावतो. तिसरा मार्ग हा आपला विषय आहे. प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स या जातीचे काही जंतू यकृताच्या पेशीत निद्रिस्त राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी जागे होऊन रक्तात उतरतात. प्लाझ्मोडियम ओव्हेल ही जातही असेच करते, परंतु ती आपल्याकडे क्वचितच आढळते. फाल्सिपेरम जातीचे जंतू असे निजून राहत नाहीत. चौथ्या दिवशी ज्वर आणणारी मलेरी जात वर्षानुवर्षे शरीरात टिकते, परंतु ती रक्तातच अल्प प्रमाणात टिकते. रुग्णाच्या दृष्टीने हे तिन्ही ‘उलटणे’च आहे, चिकित्सकाच्या दृष्टीने मात्र प्रत्येकाचा उपाय निराळा.

या निद्रिस्त अवस्थेचा शोध लागावयास फार काळ गेला. लाव्हरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हे जंतू पाहिले. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या जठरात ते पाहिले. ज्या हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त त्या डासांनी शोषले, त्यास दर डासामागे एक आणा दिला गेला होता. सिकंदराबाद त्या काळी निजामाच्या राज्यात होते आणि आपले औरंगाबादही त्याच राज्यात. म्हणजे हा इतिहास आपल्याच दख्खनच्या पठारावरचा आहे. मात्र डास चावल्यापासून रक्तात जंतू दिसेपर्यंतच्या दिवसांत ते असतात कोठे, हे गूढ पुढे पन्नास वर्षे उकलले नाही. शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी १९४८ मध्ये यकृतातील अवस्था दाखविली. त्या यकृतातही काही जंतू न वाढता स्वस्थ पडून राहतात, हे क्रोटोस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काळात सिद्ध केले. अशा जंतूस ‘हिप्नोझोइट’ म्हणतात. अर्थ सरळ आहे, निजलेला जीव.

येथे आयुर्वेदाच्या वाचकास चरकसंहितेतील चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. जमिनीत पडलेले बीज जसे योग्य काळी अंकुरते, तसा धातूंत दडून राहिलेला दोष आपल्या काळी प्रकुपित होतो, असा दृष्टांत तेथे विषमज्वराच्या संदर्भात दिला आहे. हा दृष्टांत इतका चपखल आहे की व्याख्यानांतून तो सांगताना वक्त्यास मोह होतो आणि ‘हिप्नोझोइट आमच्या ऋषींनी दोन हजार वर्षांपूर्वीच पाहिला’ असे विधान सभागृहात टाळ्या घेऊन जाते. आम्हांस ते विधान मान्य नाही. त्या दृष्टांताचा विषय एका वेगापासून दुसऱ्या वेगापर्यंतचा अवकाश हा आहे. तृतीयक ज्वरात मधला दिवस रुग्ण बरा का असतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा का कापतो, याचे ते स्पष्टीकरण आहे. आधुनिक शास्त्रानुसार हा अवकाश रक्तकणांतील अठ्ठेचाळीस तासांच्या चक्राचा असून त्याचा यकृतातील निद्रेशी संबंध नाही.

महिन्यांनंतर परतणाऱ्या ज्वराचा विचार चरकाने स्वतंत्रपणे केला आहे आणि तो त्याच अध्यायाच्या उत्तरार्धात आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते. त्यास ‘पुनरावर्तक ज्वर’ अशी संज्ञा आहे. ज्वर नुकताच गेला आहे, बल अद्याप आलेले नाही, अशा अवस्थेत अपथ्य केल्यास ज्वर परततो, हे एक कारण. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. ज्याचे दोष नीट बाहेर काढले गेले नाहीत, त्याचा ज्वर वरवर शमला तरी थोड्याशा अपचारानेही तो माघारी येतो. म्हणजे ज्वरवेगाचे शमन आणि दोषाचे निर्हरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा विवेक चिकित्सेच्या पातळीवरचा आहे. तो मान्य करण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची आवश्यकता नाही. आजच्या भाषेत रक्तातील जंतूंवरचे औषध आणि यकृतातील जंतूंवरचे औषध वेगवेगळे, असे जे सांगितले जाते, त्याच्याशी या विवेकाचे नाते जुळते. साम्य शोधावयाचेच तर ते येथे शोधावे.

आणखी एक निर्देश लक्षणीय आहे. पुनरावर्तक ज्वरासाठी काडेचिराईत, कुटकी, नागरमोथा, पित्तपापडा आणि गुळवेल यांचा काढा सांगितला आहे आणि तो ‘अभ्यासाने’, म्हणजे सातत्याने दीर्घकाळ, घ्यावा असे म्हटले आहे. ताप उतरला की औषध थांबवावे, असे तेथे नाही. आज आपल्या दवाखान्यांतून नेमके याच्या उलट घडते.

चिकलठाण्यातील वस्तुस्थिती

चिकलठाणा हे एके काळचे स्वतंत्र गाव. आज ते महानगराचा भाग झाले आहे. जालना मार्ग, विमानतळ, औद्योगिक वसाहत आणि त्यांना वेढून वाढलेल्या नव्या वसाहती, असे त्याचे आजचे रूप आहे. हिवतापाच्या दृष्टीने या रूपाचे दोन विशेष आहेत.

एक म्हणजे पाणी. शहरास जायकवाडीहून पाणी येते आणि कित्येक वर्षे ते रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येत राहिले. परिणामी प्रत्येक घरी टाकी, पिंप, हौद. शहरी हिवताप पसरविणारा अॅनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास अशाच स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात वाढतो. गटारात वाढणारा डास निराळा, त्याचा हिवतापाशी संबंध नाही. नागरिक गटाराविषयी तक्रार करतात आणि गच्चीवरील उघडी टाकी विसरतात. बांधकामाच्या जागी स्लॅबवर दहा-पंधरा दिवस साठवून ठेवलेले पाणी व लिफ्टसाठी खणलेला खड्डा हीही त्या डासाची आवडती ठिकाणे होत. ग्रामीण भागात कालवे, पाझर आणि ओढ्या-नाल्यांतील डबकी यांत वाढणारा क्युलिसिफेसीज हा डास हे काम करतो. चिकलठाण्याच्या सीमेवर शहर आणि शेत एकमेकांस भिडलेले असल्याने दोन्ही प्रकारच्या जागा हाकेच्या अंतरावर सापडतात.

दुसरा विशेष म्हणजे माणसांची ये-जा. कारखान्यांत आणि बांधकामांवर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथील कामगार असतात, तसेच विदर्भ-मराठवाड्यातील कुटुंबेही असतात. गावाकडे जाऊन आलेल्या कामगारास येथे आल्यावर दोन महिन्यांनी ताप आला, तर तो येथील डासामुळेच आला असे गृहीत धरता येत नाही. यकृतात निजलेले जंतू रेल्वेने सोबत आलेले असू शकतात. व्हायव्हॅक्सचे काही वंश तीन ते सहा आठवड्यांत उलटतात, काही आठ-नऊ महिन्यांनी, आणि भारतात हे दोन्ही प्रकार नोंदले गेले आहेत. म्हणून ‘गेल्या महिन्यात कोठे होता?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘गेल्या वर्षभरात कोठे होता, आणि वर्षभरात थंडीताप आला होता काय?’ असे विचारावे. उन्हाळ्यातील थंडीताप हा उलटलेला असण्याची शक्यता अधिक धरावी. तथापि साठविलेल्या पाण्यातील डास उन्हाळ्यातही असतोच, त्यामुळे नव्या संसर्गाची शक्यता पुसून टाकू नये.

उलटणाऱ्या तापाचे गांभीर्य केवळ रुग्णापुरते नाही. फाल्सिपेरमच्या रुग्णाच्या रक्तात डासास बाधित करणारी अवस्था ताप आल्यानंतर आठवडा-दहा दिवसांनी दिसू लागते. व्हायव्हॅक्समध्ये ती जवळजवळ तापाबरोबरच असते. रुग्ण आपल्याकडे येईपर्यंत अनेक डास बाधित होऊन गेलेले असतात. म्हणजे दर खेपेस उलटणारा ताप वस्तीत नवे बीज पेरतो. पापुआ न्यू गिनीतील बालकांच्या अभ्यासात व्हायव्हॅक्सच्या दर पाच हल्ल्यांपैकी सुमारे चार हल्ले यकृतातील जुन्या जंतूंचे होते, असे आढळले. हे प्रमाण आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाही, परंतु दिशा स्पष्ट आहे. डास मारून अर्धेच काम होते.

भारताने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. फवारणीच्या बळावर साठच्या दशकाच्या मध्यास ही संख्या एक लाखाच्या आसपास आली आणि रोग गेलाच असे समजले गेले. १९७६ मध्ये ती पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. या उसळीची कारणे अनेक होती. डासांनी कीटकनाशकास दाद देणे सोडले आणि यंत्रणाही सैल झाली. सारा देशच जणू ‘दुर्हृत दोषा’चा रुग्ण ठरला, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. आज २०२७ पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणणे आणि २०३० पर्यंत निर्मूलन असे उद्दिष्ट आहे. रुग्णसंख्या जितकी घटेल, तितका उरलेल्यांत निजलेल्या जंतूंचा वाटा डोळ्यांत भरेल.

चिकित्सेविषयी

ताप असलेल्या रुग्णाचे रक्त प्रथम तपासावे, मग औषध द्यावे. हा क्रम मोडू नये. काचपट्टीवरील तपासणी किंवा जलद चाचणी यांपैकी काहीही चालेल, पण जंतूची जात कळली पाहिजे. लक्षणांवरून जात सांगता येते, या समजात कोणी राहू नये. तृतीयक ज्वराचे पाठ्यपुस्तकी चित्र पहिल्या काही दिवसांत क्वचितच दिसते; आरंभी ताप अनियमित किंवा रोज येणारा असतो. ‘सलाईन लावा, ताप उतरवा’ ही पद्धत तर निदानाची शत्रूच म्हणावी लागेल.

व्हायव्हॅक्स सिद्ध झाल्यावर राष्ट्रीय धोरणानुसार क्लोरोक्विन तीन दिवस दिले जाते; प्रौढास पहिल्या दोन दिवशी ६०० आणि तिसऱ्या दिवशी ३०० मिलिग्रॅम. याने रक्त स्वच्छ होते, ताप जातो आणि रुग्णाच्या दृष्टीने आजार संपतो. यकृतातील जंतूंना मात्र याची गंधवार्ताही नसते. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन आहे. शरीराच्या दर किलो वजनास ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढास रोज १५ मिलिग्रॅम, चौदा दिवस, अन्नासोबत. पूर्वी आपल्याकडे ते पाचच दिवस देत असत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अभ्यासांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पाच दिवसांचा क्रम उलटणे रोखण्यास अपुरा असल्याचे दाखविले आणि पुढे चौदा दिवसांचा क्रम राष्ट्रीय धोरणात आला. काही जुन्या चिकित्सकांच्या चिठ्ठ्यांवर आजही पाच दिवसच लिहिलेले आढळतात.

प्रायमाक्विन हे निर्धोक औषध नव्हे. ज्यांच्या रक्तकणांत जी-६-पीडी या विकराची जन्मजात उणीव असते, त्यांचे रक्तकण या औषधाने फुटू लागतात. ही गोष्ट १९५६ मध्ये उलगडली. उणीव आनुवंशिक असून पुरुषांत अधिक व्यक्त होते, आणि काही समाजगटांत तिचे प्रमाण जास्त आहे. म्हणून शक्य तेथे चाचणी करावी. चाचणी होत नसेल तर पूर्वी एखाद्या औषधाने मूत्र काळसर झाले होते काय, घरात कोणास तसे झाले काय, हे विचारावे आणि औषध सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात रुग्णास पुन्हा पाहावे. मूत्राचा रंग कोऱ्या चहासारखा होणे, डोळे पिवळे दिसणे, धाप लागणे, यांपैकी काहीही दिसताच औषध थांबवून रुग्णालयात पाठवावे. आमच्या पंथातील चिकित्सकांनी येथे विशेष सावध राहावे, कारण पिवळे डोळे पाहून ‘कामला’ असे निदान करून आपण आरोग्यवर्धिनी लिहून मोकळे होतो आणि प्रायमाक्विन चालूच राहते. गर्भिणीस आणि एक वर्षाखालील बालकास हे औषध देत नाहीत. गर्भिणीच्या बाबतीत यकृतातील जंतूंचा प्रश्न प्रसूतीनंतरच्या काळासाठी नोंदवून ठेवावा लागतो. ती नोंद ठेवणारा कुटुंबाचा वैद्यच असू शकतो. एकाच मात्रेत काम भागविणारे टॅफेनोक्विन हे याच कुळातील औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. परंतु ते शरीरात दीर्घकाळ राहत असल्याने विकराची मोजणी आधी करणे त्यास अनिवार्य आहे.

आता आपल्या शास्त्रातील औषधांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. केंद्रीय आयुर्वेद संशोधन संस्थेने सिद्ध केलेले आयुष-६४ सर्वांस परिचित आहे: सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि लताकरंज, म्हणजे आपला सागरगोटा. २०२१ मध्ये करोनाच्या साथीत त्याचे नाव घरोघरी पोहोचले, तथापि त्याचा जन्म हिवतापासाठी झाला होता. दिल्लीच्या हिवताप संशोधन केंद्राने व्हायव्हॅक्सच्या रुग्णांत क्लोरोक्विनशी त्याची तुलना केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अठ्ठाविसाव्या दिवशी क्लोरोक्विनच्या गटातील सर्व रुग्ण बरे होते, आयुष-६४ च्या गटात ते प्रमाण जेमतेम निम्मे होते. हा निष्कर्ष आपल्या परिषदांतून फारसा सांगितला जात नाही. आम्हांस त्याची लाज वाटण्याचे कारण दिसत नाही. चार वनस्पतींच्या योगाने निम्म्या रुग्णांचे रक्त स्वच्छ व्हावे, ही संशोधनाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे. मात्र चिकित्सेच्या दृष्टीने उरलेल्या निम्म्यांचे काय, याचे उत्तर द्यावे लागते. अशा रुग्णाचा ताप दबतो, रक्तातील जंतू घटतात, काचपट्टीवर ते सहज दिसत नाहीत आणि तीन आठवड्यांनी ताप पुन्हा चढतो. मग त्यास ‘उलटला’ म्हटले जाते, जेव्हा तो मुळात पुरता गेलेलाच नसतो.

यकृतातील निद्रिस्त जंतूंवर उपयोग सिद्ध झालेली औषधे आजवर केवळ प्रायमाक्विनच्या कुळातील आहेत. आर्टेमिसिनिनसारखे प्रभावी औषधही, जे चीनच्या प्राचीन वैद्यकग्रंथातील एका सूचनेवरून तू यूयू यांनी शोधले आणि ज्यास २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही तेथे निरुपयोगी ठरते. ते उदाहरण आपण अभिमानाने देतो, पण त्यातील श्रम विसरतो. त्या चमूने शेकडो वनस्पतींचे अर्क तपासले, एक अर्क अयशस्वी झाल्यावर ग्रंथाकडे पुन्हा जाऊन उष्णतेऐवजी शीत पद्धतीने अर्क काढला आणि मग माणसांवर परीक्षा केली. चरकोक्त पुनरावर्तक ज्वरहर काढ्याची यकृतातील अवस्थेवर अशी परीक्षा कोणी करील, तर त्या दिवशी या लेखातील मागचे वाक्य बदलावे लागेल.

तोवर आयुर्वेदाचे स्थान कोठे? आमच्या मते ते रिकामे नाही. तीन दिवसांनी ताप गेलेला रुग्ण मंदाग्नी, अरुची, पांडुता आणि दौर्बल्य घेऊन उभा असतो. प्लीहा स्पर्शास लागत असते. आधुनिक अभ्यासांत व्हायव्हॅक्सच्या जंतूंचा मोठा साठा प्लीहेत लपलेला आढळला आहे. प्लीहावृद्धी आणि विषमज्वर यांची जोडी आपल्याला अपरिचित नाही. या काळात लघू आहार, मुगाचे यूष, जुन्या तांदळाची पेज, विश्रांती, व्यायाम-मैथुन-अतिश्रम यांचा परिहार आणि तिक्त द्रव्यांचा अभ्यास, हा पुनरावर्तक ज्वराचा पथ्यक्रम जसाच्या तसा उपयोगी पडतो. गुळवेलीचा काढा, सुदर्शन चूर्ण यांचा उपयोग येथे अवश्य करावा. एक मात्र सांभाळावे. ही औषधे प्रायमाक्विनच्या जागी देऊ नयेत, आणि ‘गरम’ पडते म्हणून प्रायमाक्विन थांबविण्याचा सल्ला तर मुळीच देऊ नये. रोजंदारीवरील कामगार सहाव्या-सातव्या दिवशी गोळ्या सोडतो, कारण त्यास बरे वाटत असते आणि पोटात जळजळते. जळजळीवर पथ्याने आणि सौम्य औषधाने उतार पाडून त्यास चौदाव्या दिवसापर्यंत नेणे, हे आपल्याकडून सहज होण्यासारखे काम आहे.

व्यवहारात पुढील पद्धत आम्हांस उपयुक्त वाटते. व्हायव्हॅक्सच्या रुग्णाच्या कागदावर औषध सुरू झाल्याची आणि संपण्याची अशा दोन तारखा लिहाव्यात व त्याच्या दूरध्वनी क्रमांकावर चौथ्या, आठव्या आणि चौदाव्या दिवशी विचारणा करावी. कामगार असल्यास मुकादमास नव्हे, रुग्णासच विचारावे. ताप आहे हे कळले तर काम जाईल या भयाने मधला माणूस खरे सांगेलच असे नाही. रुग्ण गावी जाणार असेल तर उरलेल्या गोळ्या आणि रक्ततपासणीचा अहवाल त्याच्या हाती द्यावा. आपापल्या नोंदणीच्या व कायद्याच्या मर्यादेत जे औषध देता येत नसेल, त्यासाठी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, ज्यास लोक ‘मिनी घाटी’ म्हणतात, चिठ्ठी देऊन पाठवावे. तेथे हे औषध विनामूल्य मिळते. रुग्णाची माहिती हिवताप विभागास कळवावी. ती कळविली नाही तर त्याच्या घराभोवतीच्या टाक्या तपासावयास कोणी येत नाही आणि शेजारच्या खोलीतील तापाच्या रुग्णाचे रक्तही घेतले जात नाही.

वर्षभरात दुसऱ्यांदा आलेल्या व्हायव्हॅक्सच्या रुग्णास मागील वेळी किती गोळ्या, किती दिवस आणि किती वजनास दिल्या होत्या, हे आधी पाहावे. साठ किलोच्या पुढील वजनाच्या माणसास ठरावीक १५ मिलिग्रॅम अपुरे पडू शकतात. चौदा दिवस पूर्ण होऊनही ताप उलटत असेल, तर काही व्यक्तींच्या यकृतात प्रायमाक्विनचे क्रियाशील रूपांतर नीट होत नाही, हेही ध्यानी ठेवून तज्ज्ञाकडे पाठवावे. पाठविताना चिठ्ठीवर मागील हल्ल्याची तारीख लिहावयास विसरू नये.